ओल्ड लेकसाइडची खरी चव

४ ऑगस्ट २०२५, सोमवार. सकाळी ९.४०, ऑफिस, पेरुंगुडी, चेन्नई

एच.आर.च्या वेबिनारमध्ये एका बाईंनी सांगितलं की बेंचवर बसलेल्यांनी रोज डायरी लिहावी, मन मोकळं होतं. माझं मन मोकळंच आहे, पण वही घेतली आहे तर लिहितो. बेंच म्हणजे एक प्रोजेक्ट संपला आणि दुसरा मिळाला नाही, तोवर कंपनी नुसतं बसवून ठेवते. सप्टेंबरअखेरपर्यंत कुणी घेतलं नाही तर नारळ. अर्थात हे नियम पोराटोरांसाठी. सव्वीस वर्षं अनुभव असलेल्या माणसाला कंपनी बेंचवर बसवत नाही, राखून ठेवते.

घरी सांगितलेलं नाही. रत्ना उगाच जिवाला घोर लावून घेईल, आणि लेक निधीचं इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष आहे. आठवड्याभरात प्रोजेक्ट मिळणारच आहे, मग सांगायचं तरी काय?

ठराव : या आठवड्यात क्लाउडचं सर्टिफिकेशन संपवणे. बाकी दिवस ५७.

६ ऑगस्ट, बुधवार

सर्टिफिकेशनचे व्हिडिओ लावले. शिकवणाऱ्याचा आवाज फार संथ. जाग आली तेव्हा चौथा धडा चालू होता. तीन धडे कानावर पडलेच असणार.

दुपारी एका प्रोजेक्टसाठी अंतर्गत मुलाखत. घेणारा मुलगा निधीपेक्षा चार वर्षांनी मोठा असेल. तिसऱ्या वाक्याला मला अंकल म्हणता म्हणता थांबला. सध्या कोणतं तंत्रज्ञान हाताळता, विचारलं. मी म्हटलं, मी माणसं हाताळतो. कळवतो म्हणाला.

११ ऑगस्ट, सोमवार. दुपारी १२.१५

चक्र फिरलं!

रिसोर्स मॅनेजर व्यंकटच्या केबिनमध्ये गेलो होतो. व्यंकट माझ्या हाताखाली शिकला, आता माझं भवितव्य त्याच्या एक्सेल शीटमध्ये आहे. तो म्हणाला, मिलवॉकीचा एक नवा क्लायंट येतोय. अमेरिकेतले बंद पडलेले जुने बीअर ब्रँड विकत घ्यायचे आणि त्याच जुन्या डब्यांत पुन्हा बाजारात आणायचे, हा त्यांचा धंदा. लोक आजोबांची बीअर म्हणून हौसेने पितात म्हणे. त्यांचे डायरेक्टर डेल शुल्ट्झ १८ सप्टेंबरला चेन्नईला येऊन टीमचा लीड निवडणार. तो धंदा समजणारा माणूस त्यांना हवाय.

मी खुर्चीतून उठलोच. मिलवॉकीत मी दोन वर्षं काढलीत, २००१ ते २००३. संगमनेरहून थेट. मित्र पुष्कर आणि मी एकाच तळघरात राहायचो, आणखी दोघं मुलं होती. दर शुक्रवारी ओल्ड लेकसाइड, ही बीअर आता याच क्लायंटची आहे. मी एका बैठकीत आठ टिन प्यायचो. वर सगळ्यांना बारमधून घरी गाडीने मीच घेऊन यायचो, पांढरी रेघ न ओलांडता. बाकीचे तीन-तीन टिनांत आडवे. पुष्कर म्हणायचा, माध्या, तुझं यकृत लोखंडाचं आहे. आज हे सांगण्यात भूषण नाही, पण होतं ते होतं.

व्यंकटला म्हटलं, या कंपनीत अमेरिकन बीअर माझ्याइतकी कुणी जाणत असेल तर दाखव. त्याला दाखवता आला नाही. बाकी दिवस ५०.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

प्रेझेंटेशनचं नाव ठरलं : 'लीजंडरी लागर : तेव्हा आणि आता'. लागर म्हणजे बीअरच, पण नावात भारदस्त दिसतं. चौतीस स्लाइड्स. पॅब्स्ट, श्लिट्झ, हॅम्स, सगळ्या जुन्या ब्रँडना एकेक. प्यायलो फक्त ओल्ड लेकसाइड, पण जाणकाराला अंदाज असतो.

'तेव्हा'चा भाग तोंडपाठ आहे. 'आता'साठी आजची बीअर चाखली पाहिजे. भारतात आल्यापासून मी बीअर सोडल्यात जमा आहे. दोन-तीनदा मित्रांच्या आग्रहाखातर घेतली. दर वेळी डोकं गरगरलं, एका लग्नात तर वऱ्हाडाच्या बसमध्ये शिरून झोपलो, ती दुसऱ्याच वऱ्हाडाची निघाली. इथल्या हवेत बीअर मानवत नाही मला. एकदा अस्सल चाखल्यावर असंच होतं.

तरी सराव म्हणून आज सरकारी दारूच्या दुकानात गेलो. बंद. १५ ऑगस्टला बंद असतं हे दुकानासमोरच्या फुलवालीने सांगितलं, तेही मी दोनदा शटर वाजवल्यावर.

१९ ऑगस्ट, मंगळवार

वरच्या मजल्यावरच्या एकोजीरावांची मुलगी दिव्यश्री शनिवारी शिकागोहून येतेय. तिला ओल्ड लेकसाइड आणायला सांगितलं. परदेशातून दारू आणायच्या दोन लिटरच्या नियमात पाच टिन बसतात. ती म्हणाली, अंकल, मी तिकडे दहा वर्षं आहे, हा ब्रँड कुणी मुद्दाम मागवत नाही. मी म्हटलं, मुली, म्हणूनच मागवतोय.

एकोजीराव तंजावरचे मराठे. चेन्नईजवळच्या आवडी गावच्या कारखान्यात रणगाड्यांच्या पार्ट्सचे इन्स्पेक्टर होते, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. त्यांचं मराठी तीनशे वर्षांपूर्वीचं. मध्येच तमिळमध्ये 'सेरी' म्हणजे बरं म्हणतात, मध्येच 'अप्पुरम' म्हणजे मग, आणि मी आपलं मराठी बोललो की हसतात. चाचणीला दुसरा माणूस लागतो, म्हणून त्यांनाच बोलावलंय.

रत्नाला आनंदाने सांगितलं की मोठा अमेरिकन क्लायंट माझ्यावर सोपवलाय. ती बरं म्हणाली आणि भाजी ढवळत राहिली. बायकांना यातलं महत्त्व कळत नाही.

२४ ऑगस्ट, रविवार. चाचणी क्रमांक १

दु. ३.०० रत्ना आणि निधी देवळात गेल्यात. वातावरण अनुकूल. टिन निळा आहे. आमच्या वेळी पांढरा असायचा. डिझाइन बदललेलं दिसतं.

३.०५ काचेचे ग्लास सापडले नाहीत. फिल्टर कॉफीच्या टंबलरमध्ये ओतली. फेस बरा.

३.१० कडू! फार कडू!

३.१२ एकोजीरावांनी एक घोट घेतला, डोळे मिटून थोडा वेळ बसले आणि म्हणाले, "बरी हाय की. बीर म्हटलं तर कडूच. तुमास पायसम पाहिजे होतं?" रणगाड्याच्या माणसाकडून काय अपेक्षा करायची.

३.२५ अर्धा टिन झाला. टेबल हललं. भूकंप असावा. एकोजीरावांना जाणवला नाही.

३.४० एकोजीराव फार चांगले आहेत. त्यांना तसं सांगितलं. तीनदा सांगितलं.

३.५० रत्नाला सगळं खरं सांगून टाकावं

२५ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ११.००, ऑफिस

डोकं ठणकतंय. कालची शेवटची नोंद अपुरी आहे. सुदैवाने रत्ना आली तेव्हा मी झोपलो होतो. मला उकाड्याने चक्कर आली, असं एकोजीरावांनी तिला सांगितलं म्हणे.

पण निष्कर्ष लख्ख आहे. बीअर बदलली! आमच्या वेळची ओल्ड लेकसाइड मऊ होती, किंचित गोडसर, आठ टिन प्यायलं तरी डोक्याला तोशीस नाही. आता कडू, जड, आणि अर्ध्या टिनात माणूस आडवा. काहीतरी भलतंच घालतायत. पैशापायी अमेरिकेने आपल्या बीअरचं वाटोळं केलंय, आणि हे त्यांना तोंडावर सांगायला पाहिजे. पंचवीस वर्षं जी-हुजूर करणारे लोक पाहिलेत त्यांनी. खरं बोलणारा एक भेटला की उचलून घेतील.

ठराव : क्वालिटीचा माणूस एका चाचणीवर थांबत नाही. अजून दोन करणे.

३० ऑगस्ट, शनिवार

चाचणी २, जेवणाबरोबर : जेवण वाया. चाचणी ३, उपाशीपोटी : लिहिण्यासारखं नाही. निधीने बाथरूमच्या दारावर टकटक करून विचारलं, अप्पा, आर यू ओके? तिला अप्पा म्हणू नकोस, बाबा म्हण, हे सांगण्याचं त्राण नव्हतं.

तीनही चाचण्यांत एकच निकाल. यालाच पुरावा म्हणतात. बाकी दिवस ३१.

७ सप्टेंबर, रविवार

प्रेझेंटेशनमध्ये एक जिवंत पुरावा नेणार आहे. माझ्या टेबलावर पेनं ठेवायला जो टिन आहे तो अस्सल ओल्ड लेकसाइड आहे, २००३ चा, परत येताना आठवण म्हणून आणलेला. त्यावर फोमचं जाड कव्हर आहे. तिकडे टिन गार राहावा म्हणून असं कव्हर चढवतात. पुष्कर माझा टिन नेहमी कव्हर चढवूनच हातात द्यायचा, वर पांढरी कड तेवढी दिसायची. अशी काळजी घेणारे मित्र आता मिळत नाहीत. कव्हर चिकटून बसलंय, बावीस वर्षांत काढलेलं नाही. निधी म्हणते, पेनं गार राहतात.

२०१५ च्या पुरात वेलचेरीचं आमचं घर गुडघाभर पाण्यात होतं, तेव्हा मी आधी हा टिन माळ्यावर टाकला आणि मग रत्नाची सर्टिफिकिटं. ती अजून बोलते त्यावरून.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज बेंचवरचा शेजारी गेला. कालपर्यंत होता, आज खुर्चीवर त्याचं जर्किन पण नव्हतं. कँटीनमध्ये कुणी विषय काढला नाही. इडली घेतली, खाल्ली नाही.

व्यंकटकडे गेलो. त्याला म्हटलं, डेलचं होईल ते होईल, पण तोवर मला कुठेही घाल. टेस्टिंगमध्ये घाल, सपोर्टमध्ये घाल, रात्रपाळी दे. तो म्हणाला, माधव सार, तुमच्या बँडला तसली पोझिशन नसते. मी म्हटलं, बँड खाली कर, हुद्दा कमी कर. तो तमिळमध्ये काहीतरी पुटपुटला आणि माझ्यासाठी कॉफी मागवली. मी याला जॉइन झाल्याच्या दिवशी ओरडलो होतो ते आठवलं आणि कॉफी तशीच ठेवून उठलो.

भीती वाटते. हे फक्त इथे लिहितोय. एक्कावन्नाव्या वर्षी मला कोण घेणार?

१५ सप्टेंबर, सोमवार

शुक्रवारची नोंद अशक्तपणामुळे. इडली खाल्ली नव्हती. आता पूर्ण सज्ज.

कल्पना नावाची सत्तावीस वर्षांची मुलगी स्लाइड्स बसवून देतेय. हुशार आहे, ऐकून घेते. तिने विचारलं, सर, क्लायंटला त्यांची बीअर वाईट आहे असं सांगायचं का? मी म्हटलं, यालाच डोमेन नॉलेज म्हणतात. बाकी दिवस १५.

१८ सप्टेंबर, गुरुवार. संध्याकाळी ५.३०, स्टेशनच्या बाकावर

घरी जाववत नाही. आधी इथे लिहून काढतो.

सुरुवात झकास झाली. डेलसाहेब साठीचे, लाल चेहऱ्याचे, मोठ्या पोटाचे. त्यांचे पणजोबा मिलवॉकीत बीअरच गाळायचे. मी मिलवॉकीचं नाव काढलं तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. तळघर सांगितलं, बर्फ सांगितलं, शुक्रवार सांगितले. आठ टिन सांगितले तेव्हा ते मागे रेलले आणि मला नीट न्याहाळायला लागले. व्यंकटने मला टेबलाखालून अंगठा दाखवला.

मग मी 'आता'वर आलो. निर्भीडपणे बोललो. तुमची आजची ओल्ड लेकसाइड कडू आहे, डोक्यात जाते, जुनी मऊ होती, गोडसर होती, माणूस रात्रभर प्यायला तरी सकाळी ताजा. तुम्ही मूळ पाककृती बदललीत. मी तीन चाचण्या केल्यात, तक्ता सोबत आहे.

डेलसाहेब म्हणाले, पाककृती १९५२ पासून तीच आहे. मी म्हटलं, पुरावा आणलाय. आणि टिन त्यांच्यासमोर ठेवला.

त्यांनी टिन हातात घेतला, कव्हर ओढलं. बावीस वर्षांचा फोम, भुगा होऊन टेबलभर पडला. आत पांढरा टिन. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, टिन गोल फिरवला, खालची ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग अगदी हळू आवाजात, जणू दवाखान्यात सांगतात तसं, म्हणाले, "माय फ्रेंड, ही आमची बिनअल्कोहोलची बीअर आहे. चर्चच्या सहलींसाठी काढली होती. डोक्यात जाण्यासारखं यात काही नव्हतंच."

मी एसीचा रिमोट शोधायला लागलो, कशाला ते माहीत नाही. मग डेलसाहेब हसले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, मग व्यंकट हसला, मग सगळे. कल्पना तेवढी हसली नाही. ती टेबलावरचा फोमचा भुगा हाताने गोळा करत होती. मला ते हसण्यापेक्षा जास्त लागलं.

अजून चौदा स्लाइड्स बाकी होत्या. दाखवल्या.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

पुष्करला फोन केला. तो आता नाशिकला असतो. मला वाटत होतं, दुकानदाराची चूक असेल, एखादा टिन चुकून आला असेल.

पुष्कर म्हणाला, थांब, बाहेर येतो. मग सगळं सांगितलं. तिकडे पोचल्यावर पहिल्याच शुक्रवारी मी खरी बीअर अर्धा टिन प्यायलो होतो. जिन्यात बसून रडलो, मला संगमनेरला जायचंय म्हणून. बाबांना फोन लावला, कॉलिंग कार्ड संपेपर्यंत रडत होतो. दुसऱ्या दिवशी बाबांनी पुष्करला फोन करून माझ्या गळ्याची शपथ घातली, पोराला दारू देऊ नकोस. म्हणून त्याने पांढरे टिन आणायला सुरुवात केली, वरून कव्हर. बारमध्येही काउंटरवर तोच जायचा, बारवाल्याला आधी सांगून ठेवायचा.

मी विचारलं, दोन वर्षं?

"दोन वर्षं. पुढच्या शुक्रवारी तू पाच टिन पिऊन नाचलास रे माध्या. इतका खूश तुला कधी पाहिला नव्हता. मग सांगायचं जिवावर आलं."

आणि गाडी? पांढरी रेघ न ओलांडता मी जी चालवायचो ती?

पुष्कर म्हणाला, खरं सांगायचं तर आम्हाला घरी आणायला शुद्धीतला एक माणूस लागायचाच.

बावीस वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक मुंजीत मी ही गोष्ट सांगत आलोय. रत्नाला बघायला गेलो तेव्हासुद्धा सांगितली होती.

२४ सप्टेंबर, बुधवार

थांबा थांबा. अजून काही संपलेलं नाही. व्यंकटने सांगितलं, डेलसाहेब माझ्या प्रेझेंटेशनवर बेहद्द खूश आहेत. वीस-बावीस वर्षांनी एखादा माणूस बिनअल्कोहोलच्या बीअरची चव इतक्या प्रेमाने सांगतो, म्हणजे ती आजही खपेल, असं त्यांचं म्हणणं. हल्ली तिकडची तरुण मुलं दारू कमी पितात. पांढरा टिन पुन्हा काढणार आहेत. माझ्यामुळे! प्रोजेक्ट पक्का झाला.

लीड म्हणून कल्पनाला घेतलंय.

हे योग्यच आहे. तरुण मुलीने धावपळ करावी, माझ्यासारख्याने वरून मार्गदर्शन करावं. ॲडव्हायजर म्हणून माझं नाव येणार हे उघड आहे. बाकी दिवस ६.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

ॲडव्हायजर अशी पोझिशन नसते.

कल्पना येऊन भेटली. स्लाइड्सची फाइल मागितली, आणि पांढऱ्या टिनची चव नक्की कशी होती ते लिहून द्याल का, विचारलं. दीड पान लिहून दिलं. ती म्हणाली, सर, खूप छान लिहिता तुम्ही. रेस्टरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

३० सप्टेंबर, मंगळवार

दुपारी दोनला लॅपटॉप आणि ओळखपत्र जमा केलं. व्यंकट गेटपर्यंत आला. शेअर ऑटोत बसवून ड्रायव्हरला माझा स्टॉप सांगितला, जसा काही मी पहिल्यांदाच जातोय.

घरी रत्ना एकटीच होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. दोन महिने बेंचवर होतो, आज नोकरी गेली. तिने पाणी दिलं. म्हणाली, मला माहीत होतं.

कुणी सांगितलं, म्हटलं. कुणी नाही, म्हणाली. मी कामात असतो तेव्हा डबा खरकटा घरी येतो, भात वाळलेला, कधी पोळी तशीच. ऑगस्टपासून डबा रोज घासूनपुसून येत होता. ज्याला डबा घासायला वेळ आहे त्याला काम नाही, हे कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही.

"मग बोलली का नाहीस?"

"रोज येऊन इतकं रंगवून सांगत होतात. म्हटलं, तेवढा तास तरी तुमचा बरा जातोय."

मी खुर्चीत बसलो आणि रडलो. तिने पंखा वाढवला.

१ ऑक्टोबर, बुधवार. आयुधपूजा

कॉलनीत सगळ्यांच्या गाड्यांना झेंडूच्या माळा. आज इथे प्रत्येक जण ज्याच्यावर पोट भरतं ते देवापुढे ठेवतो. आमच्याकडे ही खंडेनवमी. दरवर्षी पाटावर मधोमध माझा लॅपटॉप असतो.

निधीने पुस्तकं ठेवली. रत्नाने हिंदीच्या ट्यूशनची पुस्तकं आणि शिवणाची कात्री ठेवली. मग माझ्याकडे पाहून विचारलं, तुमचं काय ठेवायचं?

मी आतल्या खोलीत जाऊन आलो. कपाट उघडून पाहिलं, खण पाहिले. माझ्या हातचं असं काही सापडलं नाही. परत येऊन तिला तसं सांगितलं.

ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि माझा डबा घेऊन आली. म्हणाली, "हाच ठेवा. दोन महिने रोज कामावर जाऊन आलाय."

ठेवला. तिने त्याला हळदकुंकू वाहिलं, वर एक झेंडू ठेवला. निधीने फोटो काढू का विचारलं. नको म्हणालो.